सेक्स्टेटला वन्समोअर?

विचारणा अशी: गायिका मारिया कॅलसच्या बर्लिनमधल्या 'लुचिया दी लामेरमूर' या ऑपेराच्या ध्वनिमुद्रणाबद्दल लिहिताना 'सेक्स्टेटला वन्समोअर मिळाला' असं म्हणावं, की ते फार संगीत नाटकातलं वाटेल?

बेलाशक म्हणावं. २९ सप्टेंबर १९५५ चा हा प्रयोग. मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहाची मंडळी बर्लिनला गेलेली, वाद्यवृंदाचे संचालक (कंडक्टर) कारायान. लुचिया लग्नाच्या करारावर सही करते न करते तोच प्रियकर एदगार्दो दारात उभा राहतो आणि सहा पात्रं एकाच वेळी आपापल्या मनातलं गाऊ लागतात. हाच तो सेक्स्टेट. प्रेक्षकांनी ते असं डोक्यावर घेतलं, की सगळं पुन्हा गावं लागलं. याला 'पुनरावृत्ती' नको. ती पुस्तकाची नाहीतर चुकीची होते. 'एन्कोर'मध्ये मैफलीच्या शेवटी गायलेली जादाची चीजही येते. वन्समोअर म्हणजे मात्र तेच पद, तिथल्या तिथे. (गंमत म्हणजे 'एन्कोर' हा फ्रेंच शब्द ओरडतात इंग्रज. फ्रेंच आणि इटालियन प्रेक्षक 'बिस' ओरडतात.)

क्रियापद मात्र सांभाळा. इटालियनमध्ये बिस प्रेक्षक मागतात, कलावंत देतात. आपल्याकडे उलट: वन्समोअर प्रेक्षक देतात, नट घेतो, पदाला तो मिळतो. त्यामुळे 'कारायान यांनी वन्समोअर दिला' हे मराठी कानाला खटकतं. 'सेक्स्टेटला वन्समोअर मिळाला' असंच लिहा. संचालकाचा होकार वेगळा सांगा, कारण तो गृहीत धरता येत नाही. १९०३ मध्ये ला स्कालातच प्रेक्षक बिससाठी हटून बसले, तेव्हा संचालक तोस्कानिनी प्रयोग अर्धवट सोडून निघून गेले होते.

परीक्षणात आणखी एक फरक नोंदवायला हवा. बालगंधर्वांच्या वन्समोअरमध्ये पद तेच असलं तरी गाणं नव्या जागा घेत फुलायचं. इथे सहा गायक, कोरस आणि वाद्यवृंद संगीतकार दोनिझेत्तीने लिहिलेल्या स्वरांना बांधलेले. दुसऱ्या खेपेत नवी तान शोधू नका. त्यापेक्षा दम ऐका, कारण कॅलसपुढे लुचियाच्या वेडाचा लांबलचक प्रवेश अजून बाकी होता. मला तरी इथे नाट्य तुटलंसं वाटत नाही. मूळ प्रसंगातच काळ थबकलेला आहे.

आणि हो, 'लाइव्ह रेकॉर्डिंग'साठी 'जिवंत ध्वनिमुद्रण' तेवढं टाळा. 'प्रत्यक्ष प्रयोगाचं ध्वनिमुद्रण' पुरे.