अमेरिकेत अंध माणसं बंदुकीने शिकार करतात म्हणे. ती नेम कसा धरतात?

हो, करतात. मी टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राहतो आणि अशाच एका शिकाऱ्याच्या मागे बसून दोन मोसम त्याच्यासाठी बघायचं काम केलंय, त्यामुळे हे ऐकीव नाही. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमच्या अंध भावाला नेमबाजीची ओढ आहे, आणि बघणारा दुसराच असेल तर त्यात शिकाऱ्याचं स्वतःचं काय उरतं. मलाही आधी हेच वाटायचं.

पहिल्यांदा 'अंध' या शब्दाचं बघू. इथे कायद्याने अंध ठरायला मिट्ट काळोखच असावा लागतो असं नाही. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 20/200 किंवा त्याहून कमी असेल, म्हणजे धड नजरेच्या माणसाला 200 फुटांवरून दिसतं ते बघायला 20 फुटांपर्यंत जावं लागत असेल, किंवा नजरेचा आवाका 20 अंशांच्या आत आला असेल, तर माणूस कायद्याने अंध. माझ्या या सहकाऱ्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. आवाका आक्रसत आक्रसत आता उजेड कुठून येतोय एवढंच कळतं. पोरवयापासून तो वडिलांबरोबर हरणाच्या शिकारीला जायचा. गाडी चालवणं सुटलं त्याचं त्याला जेवढं लागलं नाही, तेवढं हे सुटल्याचं लागलं.

टेक्सासमध्ये कृत्रिम प्रकाशाच्या मदतीने हरिण मारायला मनाई आहे, आणि त्यामुळे बंदुकीवर लेझर लावता येत नव्हता. 2007 साली विधिमंडळाने हाउस बिल 308 मंजूर करून अंध शिकाऱ्यांना यातून सूट दिली. अट अशी की शेजारी डोळस माणूस हवा, त्याचं वय किमान 13 हवं आणि त्याच्याकडे शिकारीचा परवाना हवा. शिवाय शिकार ठरलेल्या वेळेतच, म्हणजे सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. 13 वर्षांचं पोरगं चालतं हे ऐकून माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर कपाळाला हात लावला होता. पण इथल्या खेड्यांत त्या वयाची मुलं बापाबरोबर बंदूक घेऊन रानात जातातच, त्यामुळे इथे कोणाला त्याचं नवल नाही.

लेझरचा उपयोग असा: ठिपका हरणावर कुठे पडलाय ते मागचा माणूस साध्या दुर्बिणीतून बघतो आणि सांगतो. कागदावर सोपं वाटतं. पण ऊन चढलं की लाल ठिपका पार नाहीसा होतो. हिरवा जरा टिकतो. शिवाय लेझर सरळ जातो आणि गोळी किंचित खाली येत जाते, म्हणून दोन्ही ज्या अंतरावर जुळवून ठेवलीत तिथेच हिशेब बरोबर बसतो.

आम्ही त्यापेक्षा बरा मार्ग धरला: बंदुकीच्या दुर्बिणीमागे मोबाइल. रायफलच्या दुर्बिणीत डोळा तीन-चार इंच मागे ठेवावा लागतो, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. मोबाइलचा कॅमेराही तेवढाच मागे, नेमका मधोमध धरावा लागतो. मी पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर, म्हटलं ही क्लिप आपणच छापू. थ्रीडी प्रिंटरवर काढलेली पहिली क्लिप सरावाच्या पहिल्याच बाराला चिरली आणि मोबाइल गवतात जाऊन पडला. दुसरी जाड नायलॉनची केली, दुर्बिणीच्या नळीला दोन ठिकाणी आवळली आणि आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. ती अजून चालू आहे. बाजारात तयार क्लिपाही मिळतात, आणि वायफायवरून चित्र पाठवणाऱ्या डिजिटल दुर्बिणीसुद्धा. पण त्यातलं चित्र क्षणभर मागे असतं, आणि तेवढ्या वेळात हरणाने पाऊल पुढे टाकलेलं असतं.

रायफल तिवईवर असते, दस्ता त्याच्या खांद्याला, बोट त्याचं. मी मागे बसून मोबाइलचा पडदा बघतो. बोलायची सोय नाही, हरणाचे कान फार तिखट. म्हणून खुणा. उजव्या खांद्यावर टिचकी म्हणजे उजवीकडे, डाव्या खांद्यावर म्हणजे डावीकडे, पाठीच्या कण्यावरून बोट वर नेलं तर वर, खाली नेलं तर खाली. पूर्ण तळवा टेकला की थांब. खांदा हलकेच दाबला की जागेवर आहे. बार काढ अशी खूण आम्ही मुद्दाम ठेवलीच नाही, कारण ते मी ठरवायचं नव्हतं.

अंध माणसाचे कान फार तल्लख असतात हा समज मात्र डोक्यातून काढा. पहिल्या सकाळी त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला: डावीकडे काहीतरी येतंय. मी श्वास रोखून बसलो. वाळल्या पानांतून खसखस करत आर्माडिलो, म्हणजे इथला कवचवाला छोटा प्राणी, बाहेर आला, आणि सहकाऱ्याने चिडून मला विचारलं, "तुला आधी दिसलं नाही?" आम्ही बसतो त्या लाकडी खोक्याला इथे शिकारी 'ब्लाइंड' म्हणतात. त्यावरचा विनोद तो वर्षातून एकदा तरी करतोच.

पहिल्या मोसमातली एक गोष्ट तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, निदान माझ्यापुरतं. खासगी शेत होतं, हरणांना ओढायला मका उधळणारं यंत्र सातला गरगरलं आणि दहा मिनिटांत एक मादी आली. अंतर साठेक यार्ड. टिचक्या मारत मारत मी दुर्बिणीतली नेमाची फुली तिच्या पुढच्या पायामागे आणली आणि खांदा दाबला. सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारा खटका, सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मी पुन्हा दाबला. त्याने अगदी हळू विचारलं, "मागे काय आहे?" मी पडद्यावर फक्त तिलाच बघत होतो. मान काढून पाहिलं तर तिच्या पलीकडे, झुडपाच्या सावलीत, दुसरं एक लहान हरिण उभं होतं. मी सांगितलं. त्याने बोट चापावरून काढलं आणि सेफ्टी परत लावली. गोळी आरपार जाऊ शकते हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं, मला कोणी शिकवलं नव्हतं. नजर माझी होती, शिकारी तो होता. त्या मोसमात आम्ही रिकाम्या हातानेच परतलो.

आता तुमच्या भावाचं. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हौसेची शिकार विसरायची. पिकं खाणाऱ्या डुकरांसाठी वनखात्याची परवानगी मिळते, ती वेगळी बाब. पण नेमबाजी म्हणाल तर नेम धरताना कोणाच्या डोळ्यांवर न विसंबणारे दोन प्रकार आहेत.

एक आवाजाचा. हिवाळी पॅरालिंपिकच्या बायथलॉनमध्ये, म्हणजे बर्फावरचं स्कीइंग आणि नेमबाजी मिळून होणाऱ्या शर्यतीत, 1992 पासून दृष्टिहीन खेळाडू आहेत. 10 मीटरवरच्या निशाण्याकडे इलेक्ट्रॉनिक रायफल वळवली की हेडफोनमधला सूर बदलतो, आणि त्या सुरावरून मध्य सापडतो. हीच युक्ती हरणावर चालत नाही, कारण तिथे निशाणाही यंत्रणेचा भाग असतो आणि हरिण नसतं. म्हणून तर आमच्या खोक्यात माझी गरज.

दुसरा धनुष्यबाणाचा, आणि भावासाठी मला हा जास्त पटतो, कारण खर्च कमी. दृष्टिहीनांच्या तिरंदाजीत अंतर 30 मीटर असतं. जमिनीवर पाय ठेवायला पट्ट्या ठोकतात, म्हणजे उभं राहणं दरवेळी तेच. पुढे तिवईवर एक बोंड, म्हणजे हाताला लागणारं टोक, असतं, ते धनुष्य धरलेल्या हाताच्या मागच्या बाजूला टेकतं. बंदुकीच्या नळीवर नेमासाठी माशी असते, तसं हे. बाण कुठे लागला ते मागे बसलेला सांगतो आणि मग बोंड सूतभर सरकवायचं. पूर्ण अंधांच्या गटात सगळेच डोळ्यांवर पट्टी बांधतात, म्हणजे अंधुक दिसणाऱ्याला फायदा नको.

पायाच्या पट्ट्या आणि तिवई गावातला कुठलाही सुतार करून देईल. बोंडाला सूतभर सरकणारा स्क्रू मात्र हवा. त्याचं रेखाचित्र मी मापांसकट काढून देऊ शकतो. भावाची उंची आणि तो कुठल्या हाताचा आहे ते कमेंटमध्ये लिहा.