डोंगराच्या पोटात अडलेलं पाणी

आमच्या गावात पुणे जिल्ह्यातल्या माळीणपेक्षा जास्त पाऊस पडतो, पण दरड कधी कोसळली नाही. मग दोष पावसाला कसा द्यायचा?

पाऊस किती पडला एवढंच पाहू नका, मुरलेलं पाणी कुठे अडलं ते पाहा. सह्याद्रीत बऱ्याच उतारांवर खाली बेसाल्टचा कातळ आणि वर माती-मुरमाचा थर असतो. पाणी मातीतून झटकन उतरतं, कातळाशी अडतं आणि उताराकडे पाझरू लागतं. मातीचे कण एकमेकांवर रेलून, घर्षणाच्या जोरावर टिकलेले असतात. मधल्या पाण्याचा दाब वाढला की तो कणांना उचलून धरतो आणि त्यांची पकड सुटते. मीटरभर उंच साचलेलं पाणी दर चौरस मीटरला साधारण एक टन रेटा देतं. शिवाय पाझर मातीला खाली ओढतो तो वेगळाच. 30 जुलै 2014 ला माळीणमध्ये दरड कोसळून दीडशेवर माणसं गेली. त्यामुळे डोंगरउतारावर सपाटीकरण करताना पाणी कुठून वाहून जाईल ते आधी पाहावं, असं मी प्रत्येक गावाला कळकळीने सांगतो.

पण ओली माती चिकटून राहते ना?

थोडी ओल असेल तर राहते. दिवाळीचा किल्ला आठवा. किंचित ओल्या मातीचा बुरूज उभा राहतो, पण त्यावर तांब्याभर पाणी ओतलं की बसतो. कणांमधल्या पोकळीत हवा असते तोवर पाण्याचा पातळ पडदा कणांना एकमेकांकडे खेचते. पोकळी पूर्ण भरली की ती ओढ नाहीशी होते.

मग घसरलेली माती नदीसारखी का धावते?

सैल माती हलली की कण दाटीने बसू पाहतात, पण मधल्या पाण्याला निसटायला सवड मिळत नाही. सगळा भार पाण्यावर येतो आणि मातीचा पातळ चिखल होतो. त्यात मोठाले धोंडेही वाहत जातात. 30 जुलै 2024 ला केरळमधल्या वायनाडमध्ये असा लोंढा ओढ्याच्या पात्रातून मुंडक्कई, चूरलमला या गावांपर्यंत गेला.

पाऊस उघडला की घरी परतावं का?

लगेच नाही. वरचं पाणी पाझरत खाली यायला वेळ लागतो. उतारावर नवी भेग, कललेली झाडं, अचानक घट्ट बसलेली दारं, गढूळ झालेला किंवा एकाएकी आटलेला झरा, यातलं काहीही दिसलं तर अख्खी वाडी हलवा. निघताना ओढ्याच्या कडेने खाली उतरू नका, आडवं जाऊन उंच जागा गाठा.

भेगा बुजवाव्यात का?

उघडीप असताना चिकणमातीने बुजवा, वर प्लास्टिक टाका आणि वरच्या अंगाला चर खणून पाणी बाजूला काढा. यामुळे नवं पाणी आत शिरत नाही, पण आत साचलेलं तिथेच राहतं. म्हणून भेग बुजवली तरी त्या पावसाळ्यात तिच्याखालच्या घरात झोपू नका.