‘खरा मर्द बाईवर हात उगारत नाही’ : ‘मर्द’ ठेवावा का?

प्रश्न असा आहे : स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धच्या जाहिरातीसाठी ‘खरा मर्द बाईवर हात उगारत नाही’ ही ओळ सुचली आहे. त्यात ‘मर्द’ ठेवावा की ‘पुरुषार्थ’ आणावा? आणि हात ‘उगारणे’ की ‘उचलणे’?

क्रियापदाचं आधी सांगतो. हात उगारणे म्हणजे मारायच्या आवेशात हात वर नेणे. तो खाली येईलच असं नाही. हात उचलणे म्हणजे बहुधा प्रत्यक्ष मारणं. धाक घालणं हीसुद्धा हिंसाच, म्हणून ‘उगारत’ चपखल आहे.

‘मर्द’ मात्र मला खटकतो. फारसीतून आलेल्या ‘मर्द’चा मूळ अर्थ पुरुष. मराठीत त्याला पराक्रम चिकटलेला आहे : मर्दुमकी गाजवणे, मर्दानी खेळ, मर्दासारखं लढणे. बाईला ‘मर्दानी’ म्हटलं की ते कौतुक ठरतं, आणि पुरुषाला ‘बायकी’ म्हटलं की अपमान. ‘आम्ही काय हातात बांगड्या भरल्यात?’ हे तर भांडणात सर्रास ऐकू येतं. म्हणजे बाई खालची हे या शब्दांनी आधीच गृहीत धरलेलं आहे. तिला मारू नका हे सांगायला तीच मोजपट्टी हातात घेणं मला पटत नाही.

शिवाय जाहिरातींनी हा शब्द भलताच वापरून ठेवला आहे. मर्द म्हणजे वेग, ताकद, ताबा. चित्रांतही तेच. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९७९ साली जाहिरातींतल्या छायाचित्रांचा अभ्यास मांडला होता. त्यात पुरुष वस्तू मुठीत पकडतो, बाई तीच वस्तू बोटांच्या टोकांनी हलकेच कुरवाळते. पुरुष उंच, पुढे, काहीतरी समजावून सांगणारा. अशा चित्रांवर वाढलेल्या डोळ्यांना ‘खरा मर्द’ दिसला की तोच ताबा गाजवणारा दिसणार, फक्त या वेळी जरा दयाळू.

‘खरा’नेही घोळ होतो. मारणारा आपोआप नकली ठरतो आणि वाचणारा स्वतःला खऱ्यांत मोजून सुटतो.

पुरुषार्थ म्हणजे मुळात माणसाने साधायच्या गोष्टी : धर्म, अर्थ, काम, मोक्ष. बोलण्यात तो बहुधा ‘यात कसला पुरुषार्थ?’ अशा प्रश्नात येतो. ‘बायकोला मारण्यात कसला पुरुषार्थ?’ हे अस्सल मराठी आहे, ‘मर्द’पेक्षा बरंही. पण तेही फक्त मारणाऱ्याला लाजवतं. न मारणाऱ्या पुरुषाला काही काम देत नाही.

मॉन्ट्रियलच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात डिसेंबर १९८९ मध्ये एका पुरुषाने १४ स्त्रियांची हत्या केली. त्यानंतर १९९१ मध्ये कॅनडातल्या पुरुषांनी पांढऱ्या फितीची मोहीम सुरू केली. तिच्या शपथेचा आशय असा : मी हिंसा करणार नाही, खपवून घेणार नाही, गप्प बसणार नाही. त्यात मर्द कुठेच नाही, पण मारहाण न करणाऱ्यालाही दोन कामं दिलेली आहेत. मित्र बायकोबद्दल घाण बोलतो तेव्हा हसायचं नाही, हेही ‘खपवून घेणार नाही’त येतं.

म्हणून मी ओळ अशी लिहीन : ‘हात उगारणार नाही. उगारणाऱ्याला पाठीशी घालणार नाही.’ कर्ता ‘मी’ उघड लिहायची गरज नाही, मराठीत तो कळतो. खाली चित्र टाकणार असाल तर पिळदार दंड नकोत. दोन मित्र बोलताहेत आणि एक दुसऱ्याला अडवतोय, एवढं पुरे.