रक्कम शेवटी ठरव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आठवीतल्या मुलाला आणि पाचवीतल्या मुलीला किती हातखर्च द्यावा, असे तू विचारले आहेस आणि सोबत ओळखीच्या घरांतून गोळा केलेले महिना 200 पासून 2000 पर्यंतचे आकडेही कळवले आहेस. ते आकडे तूर्त बाजूला ठेव. दुसऱ्याच्या मुलाला 2000 मिळतात एवढ्यावरून काहीच कळत नाही. त्यात त्याचे बसभाडे, मोबाइलचे रिचार्ज आणि क्लासनंतरचे खाणे धरले आहे की ती सगळी रक्कम निव्वळ हौसेची आहे, हे समजल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही. कोणते खर्च मुलांनी स्वतः सांभाळायचे ते आधी ठरव. रक्कम त्या यादीतून निघेल.

मुलीची यादी मी अंदाजाने मांडून पाहिली. आठवड्यातून एक वडापाव, 20 रुपये. शनिवारी क्लासवरून येताना कुल्फी, 20. पेन, खोडरबर, स्टिकर यांना महिन्याला 60, म्हणजे आठवड्याला 15. आणि मैत्रिणींच्या वाढदिवसाच्या भेटींना महिन्याला सरासरी 100 धरले तर आठवड्याला 25. बेरीज झाली 80. तुमच्याकडचे भाव निराळे असतील, पण हिशेबाची रीत हीच. ‘सुट्ट्यांची कटकट नको, सरळ शंभराची नोट देऊ’ असे तुला वाटेल, आणि तिथेच थोडे थांब; कारण 80 रुपयांत दुसरा वडापाव घेतला की भेटीच्या पैशांना कात्री लागते हे तिला नोटा मोजतानाच दिसेल, आणि शंभरात ती ओढाताण होणारच नाही. वह्या-पुस्तके, गणवेश, डबा, रिक्षा हे मात्र तुझ्याकडेच राहू दे.

तिला पैसे रोखच दे, तेही दहा-वीसच्या नोटांत. हल्ली भाजीपासून दुधापर्यंत सारे क्यूआर कोडवर भागते, त्यामुळे बाबांनी फोन पुढे धरला की वस्तू मिळते एवढेच मुलांना दिसते. खिसा रिकामा होताना दिसत नाही. वार एकच ठेव आणि तिला मागायला लावू नकोस.

मुलाला आता महिन्याचे पैसे एकदम द्यायला हरकत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ते पंधरा तारखेच्या आत संपतील, हे गृहीत धर. रिचार्ज आणि खेळाच्या किरकोळ वस्तू त्याच्या यादीत घाल, कारण चुकल्यास झळ त्यालाच लागेल पण शाळा अडणार नाही, असे हे खर्च आहेत. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. अशा खात्यातून शिलकीपेक्षा जास्त रक्कम काढता येत नाही, त्यामुळे भीतीचे कारण नाही. तुझ्याच खात्यावरून त्याला पैसे भरता यावेत म्हणून यूपीआय सर्कलचा विचार चालला असेल, तर प्रत्येक व्यवहाराला तुझी मंजुरी लागेल असा पर्याय निवडू नकोस. समोशाच्या 15 रुपयांसाठी बापाची परवानगी घ्यावी लागणार असेल, तर निर्णय तूच घेतलास असे होईल.

खरे अवघड काम पैसे दिल्यानंतरचे आहे, आणि मुलांपेक्षा ते आईबापांनाच जड जाते. मुलगी तीन आठवड्यांचे पैसे एखाद्या चकाकत्या, दोन दिवसांत मोडणाऱ्या वस्तूवर घालवील, तेव्हा ‘मी सांगितले होते ना’ हे वाक्य गिळून टाक. मैत्रिणीच्या वाढदिवसाला पैसे उरले नाहीत, तर हाताने शुभेच्छापत्र करू दे. गुपचूप वरचे पैसे देऊ नकोस. फारच नड असेल तर उसने द्यावेत, पण पुढच्या दोन हप्त्यांत ते कापून घ्यावेत, आणि कापायचे म्हटल्यावर कापावेतच. रोजचा हिशेब मागू नकोस. तो मागितला की मुले हिशेब शिकत नाहीत, तो जुळवायला शिकतात. बँकेच्या नोकरीत मी मोठी माणसेही हेच करताना पाहिली आहेत! अमली पदार्थ, जुगार आणि मोबाइलवरच्या खेळांतली परस्पर खरेदी यांना मात्र आधीच स्पष्ट मनाई कर.

परीक्षेतले गुण आणि घरातली कामे यांच्याशी हातखर्चाचा संबंध जोडू नये, असे माझे ठाम मत आहे. ताटे घेणे, अंथरूण आवरणे यांचे दर ठरले, की गरज नसलेल्या दिवशी मूल सरळ ‘आज नको मला पैसे’ म्हणून उठून जाईल, आणि त्यावर तुझ्यापाशी उत्तर नसेल. शिक्षा म्हणूनही पैसे रोखू नकोस.

आजी-आजोबा जाता-येता हातावर नोट ठेवतात, त्यावरून घरात वाद घालू नकोस. तो त्यांचा आनंद आहे. दिवाळी-भाऊबीजेची ओवाळणी मात्र हातखर्चात मिसळू न देता मुलांच्या नावाने बँकेत किंवा पोस्टात टाक, आणि पासबुक तुझ्या कपाटात न ठेवता त्यांच्याकडे दे.

वाढीची मागणी दर महिन्याला ऐकून घेऊ नकोस. जूनमध्ये शाळा सुरू होताना दोघांनाही आपापली यादी नव्या भावांनिशी लिहून आणायला सांग, आणि जी बाब पटेल तेवढीच वाढव. मुलगा बहुधा क्लासनंतरच्या खाण्याचा खर्चही स्वतःच्या यादीत मागेल. तो देऊन टाक.

सूनबाईंना आशीर्वाद, मुलांना गोड पापा.

तुझा,
काका