डेकोपाजचं पेंडंट चिकट का राहतं?

प्रश्न: ताई, एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) चकतीवर डेकोपाजचं, म्हणजे कागदी चित्रं चिकटवून सजवलेलं, पेंडंट करतेय. घरच्या प्रिंटरवर काढलेलं वारली डिझाइन चिकटवलं तर रंगच पसरले, मग टिश्यू नॅपकिनवरचं फूल लावलं तर सुरकुत्या, आणि वरून पातळ गोंदाचे हात दिले ते आता पावसात घामाने चिकट होतात, ओढणीचे धागे अडकतात. काय करू? जुन्या लग्नपत्रिकेवरचा मोर चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: अगं, तुझ्या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी पाणीच आहे. घरच्या इंकजेटची शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळणारी असते, गोंद लागला की पसरणारच, त्यापेक्षा झेरॉक्सवाल्याकडून कलर लेझर प्रिंट काढून आण, ती पसरत नाही.

टिश्यूला तर ओला गोंद लावूच नकोस. नॅपकिनचे दोन-तीन पदर असतात, त्यातला फक्त वरचा छापील पदर सोडवून घ्यायचा. चकतीला आधी पांढरा अॅक्रिलिक रंग दे, कारण हा पदर इतका पातळ असतो की खालचा तपकिरी रंग दिसतो आणि फूल मळकं वाटतं. रंग वाळला की त्यावर पांढऱ्या फेव्हिकॉलचा पातळ हात देऊन तो पूर्ण वाळू दे, हो, वाळूच दे, मग टिश्यू ठेवून वर बटर पेपर आणि त्यावरून वाफ बंद केलेली मध्यम गरम इस्त्री. वाळलेला गोंद उष्णतेने मऊ होऊन टिश्यू धरतो, आणि ओलावाच नाही म्हटल्यावर सुरकुती कुठून येणार. कडेला उरलेला टिश्यू कात्रीने कापत बसू नकोस, पॉलिश पेपर वरून खाली घासला की आपोआप सुटतो.

आता चिकटपणा. वाळलेला पांढरा गोंदसुद्धा दमट हवेत आणि घामाने मऊ पडतो, म्हणून तो चिकटवायला ठीक, वरचा थर मात्र वार्निशचाच हवा. अठराव्या शतकात व्हेनिसचे कारागीर चीन-जपानच्या महागड्या लाखकामाची नक्कल करायला कागदी चित्रं चिकटवून वर वार्निशचे थरावर थर द्यायचे, खरी चमक त्या थरांचीच. तू वॉटर-बेस्ड अॅक्रिलिक किंवा पीयू (पॉलियुरेथेन) वार्निशचे तीन-चार पातळ हात दे, प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. मागची बाजू, कड आणि कडीचं भोकही सोडू नकोस, एमडीएफ तिथूनच पाणी पितं आणि फुगतं (भोक अर्थातच सगळ्यात आधी पाडायचं, नंतर पाडलंस तर कागद फाटतो). हाताला कोरडं लागलं तरी आतून वार्निश कडक व्हायला बरेच दिवस जातात, कोकणातल्या पावसात तर अजूनच, तेवढं थांब. आणि परफ्यूम मारून झाल्यावर पेंडंट घाल, त्यातल्या अल्कोहोलने वार्निश खराब होतं. वार्निशऐवजी रेझिन (ओतल्यावर काचेसारखं कडक होणारं रसायन) पण छान दिसतं पण कागद आधी सील केला नाही तर डाग पडतात, शिवाय ग्लोव्हज, उघड्या खिडक्या, एवढा खटाटोप एका पेंडंटसाठी मी तरी करणार नाही.

आधीचं चिकट पेंडंट फेकू नकोस, कोरड्या दिवशी पंख्याखाली नीट वाळव, बारीक पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरव आणि वर वार्निश दे.

पत्रिकेतला मोर चालेल, पण कागद जाड असतो. मोर कापून घे, मागून ओल्या बोटाने जरा भिजव आणि पदर सोलत जा, पातळ झाला की वाळवून मग चिकटव. मोरावर सोनेरी फॉइल असेल तर दुसरं चित्र शोध, त्यावर पाण्याचं वार्निश नीट धरत नाही.