आयोवाच्या आक्रमणाला 2023 मध्ये लांबच्या चाली का साधल्या नाहीत?

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये 2023 च्या हंगामात दहा सामने जिंकूनही आयोवा विद्यापीठाच्या संघाला एका झटक्यात वीस-पंचवीस यार्ड मिळवून देणाऱ्या चाली का जमत नव्हत्या, असे आपण विचारले आहे. मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेन्ट्झ यांचे पुत्र ब्रायन हेच तेव्हा आक्रमणाचे सूत्रधार असल्यामुळे बहुतेक चाहते सगळा दोष त्यांच्या माथी मारतात. मला ते अर्धेच खरे वाटते.

लांबची चाल चेंडू फेकण्याच्या आधीच घडू लागते. खोलवर उभ्या असलेल्या सेफ्टींपैकी (बचावातील सर्वांत मागच्या खेळाडूंपैकी) एखाद्याला धावत्या खेळाच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावण्याच्या, धाकाने पुढे खेचावे लागते, आणि मागे मोकळ्या झालेल्या जागेत रिसीव्हर (फेक झेलणारा) पोहोचेपर्यंत क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्याला) तीनेक सेकंद निर्धास्त उभे राहता यावे लागते. आयोवाचे क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबरअखेर गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेले. लूक लाची आणि एरिक ऑल हे दोन्ही भरवशाचे टाइट एंडही (प्रतिस्पर्ध्याला अडवणारे आणि फेकही झेलणारे खेळाडू) ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जायबंदी झाले. मग लांबच्या फेकीची भीतीच न उरल्याने प्रतिस्पर्धी निवांतपणे पुढे गर्दी करू लागले. विस्कॉन्सिनविरुद्धचा 15-6 असा विजय पाहा: बदली क्वार्टरबॅक डीकन हिल यांच्या 14 पैकी 6 फेकी पूर्ण झाल्या, त्याही अवघ्या 37 यार्डांसाठी, मात्र लेशॉन विल्यम्स यांनी एकाच धावेत 82 यार्ड कापले. पुढे दाटी केलेल्या बचावाची पहिली फळी एकदा भेदली की मागे अडवणारे फारसे कोणी नसते, पण अशी धाव मोसमात किती वेळा जमणार?

माझा खरा आक्षेप वृत्तीवर आहे. बचाव भक्कम, आणि पंट मारणारे (म्हणजे चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करणारे) ऑस्ट्रेलियाचे टोरी टेलर इतके निष्णात (त्यांनी त्या हंगामात 4,479 यार्डांचा विक्रम केला, पंटरचा विक्रम व्हावा हीच आक्रमणाची शोकांतिका), की चेंडू गमावण्याचा धोका पत्करण्यापेक्षा तो लाथाडून देणेच शहाणपणाचे ठरत गेले. ब्रायन यांच्या करारात सामन्यामागे सरासरी 25 गुणांची अट होती. प्रत्यक्षात संघाची सरासरी 15.4 राहिली. कमी गुणांच्या झुंजीत हे खपून गेले, परंतु मिशिगनने 26-0 आणि टेनेसीने 35-0 असे हरवले तेव्हा, एकदा मागे पडल्यावर अंतर भरून काढण्याचे कोणतेच साधन या संघाकडे नव्हते.