विडंबन, उपहास की उपरोध?

प्रश्न कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या नाट्यमंडळातल्या मुलांचा आहे. त्यांनी एक छोटं सादरीकरण बसवलंय. महासत्तेचा अध्यक्ष व्यासपीठावर उभा राहून साऱ्या जगाला स्वातंत्र्य देण्याची घोषणा करतो आणि मुलं त्या भाषणाची टर उडवतात. आधार खऱ्या भाषणाचा आहे. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून २० जानेवारी २००५ रोजी दुसऱ्यांदा शपथ घेतली, तेव्हा केलेलं हे भाषण. आता पत्रकावर काय छापायचं यावरून तालमीत वाद पेटलाय. एकाला 'उपहास' हवा, दुसरीला 'उपरोध', तिसऱ्यानं 'व्यंग' सुचवलं. मसुद्यात कुणी तरी 'विटंबन' असं टाइप केलं, त्यावर एका सरांनी हरकत घेतली की हा शब्द अपमानाचा आहे, छापू नका. जोडीला आणखी एक प्रश्न आहे: 'स्वातंत्र्य पसरवणे' हे मराठी बरोबर आहे का?

पत्रकावर 'विडंबन' छापा. संहिता त्यांनी सोबत पाठवली आहे, ती वाचूनच हे सांगतोय.

विडंबनाच्या मुळाशी नक्कल आहे. संस्कृतात 'विडम्ब्' म्हणजे अनुकरण करणं, सोंग आणणं, आणि त्यातूनच पुढे थट्टा करणं. मराठीत या शब्दाला आजचा नेमका अर्थ आला तो कवितेमुळे. 'केशवकुमार' या नावानं आचार्य अत्र्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले' हा विडंबन-कवितांचा संग्रह काढला आणि विडंबन म्हणजे मूळ रचनेचा साचा तसाच ठेवून आतला माल बदलणं, ही समजूत घराघरांत रुजली. वृत्त तेच, ऐट तीच, शब्दांची ठेवणही तीच, फक्त विषय असा घालायचा की मूळ कवीची लकब उघडी पडावी. तुमच्या संहितेत हेच आहे. शपथविधीचं व्यासपीठ आहे, 'माझ्या देशबांधवांनो' आहे, दर तिसऱ्या वाक्याला स्वातंत्र्य आहे, आणि शेवटी देवाचा आशीर्वादही आहे. सांगाडा मूळ भाषणाचा, म्हणून हे विडंबन.

उपहास त्यामानानं मोठा आणि मोकळा शब्द. 'हस्' धातूला 'उप' लागला, की कुणाला तरी हसणं. उपहासाला साचा लागत नाही. 'एवढ्या वेळा स्वातंत्र्य म्हणाला की मोजता मोजता हाताची बोटं संपली' असं म्हटलं की झाला उपहास. तुमच्या सादरीकरणात उपहास आहेच, पण तो पत्रकावर छापला तर प्रेक्षकाला एवढंच कळेल की कुणाला तरी हसलं जाणार आहे.

उपरोधावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण तुमच्यातल्या ज्या मुलीनं हा शब्द सुचवला तिचं म्हणणं अर्धं खरं आहे. उपरोधाचा धातू 'रुध्', अडवणं. संस्कृतात उपरोध म्हणजे अडथळा. मराठीत तो वेगळ्याच वाटेला लागला: बोलायचं एक आणि पोचवायचं त्याच्या उलट. या वाटेवरचा आपला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे शिवराम महादेव परांजपे. १८९८ साली त्यांनी 'काळ' साप्ताहिक सुरू केलं. इंग्रज सरकार आपण हिंदुस्थानच्या भल्यासाठीच इथे आलो आहोत असं सांगत होतं, आणि परांजपे त्या भल्याचं असं काही कौतुक करत की वाचणाऱ्याच्या अंगाची आग व्हावी. थेट शिवी कुठेच नाही. तरी सरकारला जे कळायचं ते कळलंच; १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना शिक्षा झाली. परक्यांच्या भल्यासाठी राज्य करण्याची भाषा मराठी माणसानं शंभर वर्षांपूर्वीच ऐकली आहे आणि तिला उत्तरही दिलं आहे. तुमच्या विषयाला याहून जवळचा पूर्वज मिळायचा नाही, म्हणून परांजपे जरूर वाचा.

पण उपरोध हा बोलण्याचा सूर असतो, सादरीकरणाचा प्रकार नव्हे. तुमच्या संहितेतली निवेदिका म्हणते, 'केवढी ही कळकळ! दुसऱ्याच्या देशाची काळजी वाहावी तर अशी, तीही मध्यरात्री, तीही विमानातून!' हे वाक्य उपरोधाचं, आणि उत्तम उतरलंय. त्याला लागून अध्यक्षाचं वाक्य येतं: 'स्वातंत्र्य तुमच्या दाराशी आलं आहे, दार उघडा, नाहीतर आम्ही दारासकट आत येऊ.' हे विडंबन. एकाच पानावर दोन्ही आहेत, आणि दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात. वरवर स्तुती आणि आतून निंदा असेल, तर अलंकारशास्त्रात त्याला व्याजस्तुती म्हणतात. तिथलं व्याज बँकेचं नव्हे. व्याज म्हणजे बहाणा, मिष. निवेदिकेचं वाक्य त्याच घरातलं आहे. घरगुती बोलीत यालाच आपण 'शालजोडीतला' म्हणतो.

'व्यंग' नको. हिंदीत 'व्यंग्य' हा या प्रकारासाठी रुळलेला शब्द आहे आणि तिथूनच तो आपल्याकडे शिरतोय. मराठीत व्यंग म्हणजे अंगातला दोष, उणेपणा. व्यंगचित्र या शब्दात तो नीट बसला आहे, तो तिथेच राहू द्या.

आता सरांची हरकत. तीत तथ्य आहे, पण ती 'विडंबना'वर नाही, 'विटंबन'वर आहे. विटंबना आणि विडंबन ही एकाच मुळाची दोन रूपं, एकातला 'ड' दुसऱ्यात 'ट' झाला. पण आज त्यांच्या अर्थांत जमीन-अस्मानाचा फरक पडलाय. पुतळ्याची विटंबना होते, ध्वजाची होते, आणि त्यापायी गावं बंद पडतात. विडंबन कवितेचं होतं, गाण्याचं होतं, भाषणाचं होतं, आणि ज्याचं होतं त्यानंही दाद द्यावी अशी अपेक्षा असते. तुमच्या मसुद्यातलं 'विटंबन' ही टंकनाची चूक असली तरी कोल्हापुरात ती महागात पडू शकते. सरांनी ती पकडली, त्यांचे आभार माना.

विडंबनाची एक अट आहे, आणि मला वाटतं तुमच्या सादरीकरणात तीच कच्ची राहिली आहे. मूळ गोष्ट ऐकणाऱ्याला ठाऊक असावी लागते. झेंडूची फुलं वाचणाऱ्यांना मूळच्या कविता पाठ होत्या. तुमच्या प्रेक्षागारात बसणाऱ्या किती जणांना २००५ चं ते भाषण आठवत असेल? बहुतेक मुलं तेव्हा जन्मालाही आली नसतील. मूळ माहीत नसेल तर विडंबनाचा आपोआप नुसता उपहास होतो. म्हणून सुरुवातीला दोन मिनिटं मूळ भाषणाचा आशय सरळ, गंभीरपणे वाचा. एकही शब्द न वाकवता.

आणि वाचायचं तर काय वाचायचं हेही सांगतो, कारण त्या भाषणात विडंबनकाराला हवं ते सगळं आहे. जगातली जुलूमशाही संपवणं हे आपलं अंतिम ध्येय आहे, असं बुश त्यात म्हणाले. माणसांच्या मनात आम्ही एक आग पेटवली आहे आणि एक दिवस स्वातंत्र्याची ही बेबंद आग जगाच्या अंधाऱ्यात अंधाऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचेल, असंही म्हणाले. त्याआधी २० मार्च २००३ ला इराकवर हल्ला सुरू झाला होता आणि त्या मोहिमेला नावच 'ऑपरेशन इराकी फ्रीडम' दिलं होतं. तरी या अख्ख्या भाषणात इराकचं नाव नाही. तुमच्या अध्यक्षानं दहा देशांची नावं घ्यावीत आणि नेमकं एक गिळावं, याहून बोलकं दृश्य कुठलं असणार? तुम्ही ते ठेवलेलं नाही. ठेवा.

एक गोष्ट मात्र लपवू नका. हे काम प्रामुख्यानं शस्त्रांचं नाही, आणि ज्यांना नको आहे त्यांच्यावर आम्ही आमची राज्यपद्धती लादणार नाही, असंही बुश त्याच भाषणात म्हणाले होते. तुमच्या संहितेत हा भाग गाळलाय. गाळला तर विडंबन एकतर्फी होतं, आणि ठेवला तर ते शतपटीनं धारदार होतं, कारण बगदादमध्ये तेव्हा परक्यांचे रणगाडे उभे होते. मूळ माणसानं स्वतः उच्चारलेलं वाक्य त्याच्या करणीशेजारी नेऊन ठेवणं हे विडंबनाचं सगळ्यात मोठं बळ. त्यासाठी एक शब्दही पदरचा घालावा लागत नाही.

'स्वातंत्र्य पसरवणे' बरोबर आहे का? व्याकरणानं बरोबर, कानाला चूक, आणि म्हणूनच तुमच्या कामाचं.

मराठीत कीर्ती पसरते, प्रकाश पसरतो. पण 'पसरवणे' असं प्रयोजक रूप केलं, म्हणजे कुणी तरी मुद्दाम पसरवतोय असं म्हटलं, की त्याच्यासोबत येतात अफवा, द्वेष, घाण, रोगराई. चांगल्या गोष्टीचा आपण 'प्रसार' करतो: शिक्षणाचा, विचारांचा. दोन्हींचं मूळ एकच, 'प्र' अधिक 'सृ'. तत्सम रूप सन्मानाच्या जागी जाऊन बसलं आणि प्राकृतातून घरंगळत आलेलं रूप घरच्या-दारच्या सगळ्याच गोष्टींना लागू लागलं. गंभीर भाषांतर करायचं तर 'स्वातंत्र्याचा प्रसार' लिहा. विडंबनात अध्यक्षाच्या तोंडी 'प्रसार' द्या आणि ऐकणाऱ्याच्या तोंडी 'पसरवणं' द्या. दोन पात्रांतलं अंतर एका क्रियापदानं कळेल.

मुळात मराठीत स्वातंत्र्य मिळतं, मिळवावं लागतं, हिरावलं जातं, टिकवलं जातं. ते दुसऱ्यानं आणून टाकल्याचं क्रियापद आपल्याकडे नाही, कारण शब्दाच्या सुरुवातीलाच 'स्व' उभा आहे.

याच ओघात तुमचा एक बदल मला पटलेला नाही. मूळ भाषणात 'फ्रीडम' २७ वेळा आणि 'लिबर्टी' १५ वेळा येतो. तुम्ही एकाला 'स्वातंत्र्य' आणि दुसऱ्याला 'मुक्ती' केलंय. मुक्ती म्हटलं की मराठी कानाला मोक्ष तरी आठवतो, नाहीतर हैदराबादचा आणि गोव्याचा मुक्तिसंग्राम. त्या लढ्यांत आपली माणसं उतरली होती, त्यांचा शब्द इथे उसना घेऊ नका. दोन्हीकडे 'स्वातंत्र्य'च ठेवा. ४२ वेळा एकच शब्द कानावर आदळू द्या. पहिल्या दहा वेळी तो भारदस्त वाटेल, पुढच्या दहात नुसता आवाज उरेल, आणि त्यानंतर प्रेक्षक स्वतःच हसायला लागतील.

शेवटचा मुद्दा बोलीचा, आणि याबद्दल मला फार वाटतं. दुसऱ्या प्रवेशात तुम्ही अध्यक्षाला अस्सल कोल्हापुरीत बोलायला लावलंय. हशा येईल, खात्रीनं येईल, पण तो हशा कुणाला असेल? अध्यक्षाला नाही, कोल्हापुरीला. आपल्या बोलीला विनोदाचं साधन करून ठेवण्याचं काम बाहेरच्यांनी पुरेसं केलंय, आपण त्यात भर घालायला नको. शिवाय विडंबन म्हणून ते मोडतं. अध्यक्षाची सत्ता त्याच्या भरजरी भाषेत आहे, ती काढून घेतली तर टर उडवायला उरतं काय? त्याला शुद्ध, घोळदार, व्यासपीठावरची मराठी द्या. बिंदू चौकातल्या सभांत ऐकलेली सगळी वळणं त्याला द्या: 'या ऐतिहासिक क्षणी', 'मी आपल्याला ग्वाही देतो', 'आपल्या चरणी'.

कोल्हापुरी द्यायची ती समोरच्या माणसाला. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या हेच करतो. मोठं माणूस मोठं बोलतं आणि सोंगाड्या एकच साधा प्रश्न टाकून ते खाली आणतो. असं करून पाहा:

अध्यक्ष: आणि म्हणून, माझ्या बंधू-भगिनींनो, आज मी आपल्यासाठी स्वातंत्र्य घेऊन आलो आहे!

म्हातारा: लई उपकार झालं, सायेब. पर ठेवू कुठं त्ये? घर तर तुम्हीच पाडलासा की ओ!

इथे हसू येईल ते अध्यक्षाला, आणि कोल्हापुरी शहाण्या माणसाच्या तोंडी राहील. म्हाताऱ्याला याहून जास्त वाक्यं देऊ नका, त्याच्या एका प्रश्नानंतर अध्यक्षानं भाषण तसंच पुढे रेटावं.

पत्रकावरची ओळ अशी करा: 'जॉर्ज बुश यांच्या २० जानेवारी २००५ च्या भाषणाचं विडंबन'. नाव आणि तारीख दोन्ही हवीत, कारण विडंबन कशाचं ते सांगितल्याशिवाय शब्द अर्धा राहतो. खाली वर्णनाला विशेषण लागलं तर 'उपहासात्मक' चालेल. 'उपरोधात्मक' मात्र लिहू नका, मराठीत रूढ रूप 'उपरोधिक' असं आहे. आणि छापायला देण्याआधी तो 'ट' काढून 'ड' केलाय ना, ते दोघांनी तरी तपासा.